फेरीत आमचा नंबर कधी लागणार?

या वेळी गेम बनवणाऱ्यांची चार पत्रं निवडली आहेत. पहिलं पत्र लांब आहे आणि त्याचं उत्तर त्याहून लांब होणार, कारण त्या एका पत्रात तीन वेगवेगळे घोटाळे एकमेकांच्या पाठीमागे लपले आहेत. इंजिनातली नावं उच्चाराप्रमाणे लिहिते आहे. नवख्यांसाठी एवढंच: सिस्टिम म्हणजे गेममधलं एकेक काम करणारं फंक्शन, शेड्यूल म्हणजे एकत्र चालणाऱ्या सिस्टिमचा गट, आणि प्लगइन म्हणजे गेमला जोडायचा कोडचा गठ्ठा.

प्रश्न: मॅडम, मी सांगलीत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. रस्ट भाषेत, बेव्ही हे इंजिन वापरून कबड्डीचा गेम करतोय. चढाईपटू आणि सात बचावपटू ‘अपडेट’ शेड्यूलमध्ये हलतात. पंचाचा निर्णय सगळ्यांच्या हालचाली संपल्यावर हवा होता, म्हणून ‘निकाल’ नावाचं वेगळं शेड्यूल केलं आणि निर्णयाच्या सिस्टिम त्यात टाकल्या. कोड कंपाइल झाला, गेम उघडला, पण पंच गप्प. एकही एरर नाही. मग शोधाशोध करून ते शेड्यूल मुख्य रांगेत अगदी शेवटी घातलं. आता स्पर्श आणि पकड मोजली जाते, पण बोनस गुणाची सिस्टिम अजूनही चालत नाही. शिवाय चढाईपटूच्या डोक्यावरचा बाण मी ‘निकाल’मध्येच हलवतो, तर तो पळताना मागे मागे रेंगाळतो. पंचाला वेगळं शेड्यूल देणंच चुकलं का? प्रोजेक्ट सोबत पाठवतोय.

उत्तर: पंचाला वेगळं शेड्यूल देणं अजिबात चुकलं नाही. पहिल्या दिवशी तो गप्प होता, कारण त्याला मैदानावर कोणी बोलावलंच नव्हतं.

मी गेमच्या वाटेला फार उशिरा लागले. त्याआधी बरीच वर्षं एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन सांभाळत होते, आणि मला गेमचा लूप पहिल्यांदा कळला तो तिथल्या पीएलसीमुळे. पीएलसी म्हणजे गव्हाणीची साखळी, मोटारी, झडपा यांना हुकूम देणारा छोटा, अरसिक संगणक. तो दिवसभर एकच काम करतो. आधी सगळे सेन्सर एकदा वाचून घ्यायचे, मग लॅडरचा (पीएलसीच्या शिडीसारख्या ओळींच्या भाषेतला) प्रोग्रॅम वरून खाली चालवायचा, मग सगळे आउटपुट एकदम लिहायचे, की पुन्हा पहिल्यापासून. याला आम्ही स्कॅन म्हणायचो. गेमची फ्रेम म्हणजे हाच स्कॅन, फक्त शेवटी झडपेऐवजी पडदा असतो.

बेव्हीच्या एका फेरीत ‘मेन’ नावाचं शेड्यूल चालतं, आणि ते स्वतः फारसं काही करत नाही. त्याच्याकडे एक यादी असते: फर्स्ट, प्रीअपडेट, स्टेटट्रान्झिशन, रनफिक्स्डमेनलूप, अपडेट, स्पॉनसीन, पोस्टअपडेट, लास्ट. गेम सुरू होताना एकदाच चालणारी स्टार्टअपची मंडळी वेगळी. ही यादी ‘मेनशेड्यूलऑर्डर’ नावाच्या रिसोर्समध्ये, म्हणजे सगळ्या गेमला सामायिक असलेल्या माहितीच्या डब्यात, ठेवलेली असते. मेन प्रत्येक फेरीला ती वरून खाली वाचतं आणि एकेका नावाचं शेड्यूल चालवून पुढे जातं. यादी इंजिनाच्या पोटात खोदलेली नाही, कोणीही तिच्यात नाव घालू शकतं. खुद्द बेव्हीचं स्टेट्सचं प्लगइन हेच करतं: प्रीअपडेटनंतर स्टेटट्रान्झिशन हे नाव तेच येऊन लिहितं. म्हणजे तुम्ही जे करायला निघालात ते चोरवाटेचं काम नाही, घरातली माणसंही त्याच दारातून येतात.

कारखान्याच्या भाषेत ही यादी म्हणजे मस्टर. तुम्ही ‘निकाल’ हे लेबल तयार केलंत, त्यावर शेड्यूललेबलचा डिराइव्ह (हे नाव शेड्यूलचं लेबल म्हणून चालेल असं सांगणारी ओळ) चढवलात, ‘ॲड सिस्टिम्स’ला ते लेबल देऊन सिस्टिम घातल्यात. त्या लेबलाचं शेड्यूल आधी अस्तित्वात नसेल तर ‘ॲड सिस्टिम्स’ ते गुपचूप तयार करतं. कामगार आले, अंगात युनिफॉर्म, हातात पाना, सगळं तयार. मस्टरवर नाव नाही. त्यामुळे त्यांना कोणी कामच सांगितलं नाही आणि ‘तुम्ही कोण’ असंही विचारलं नाही.

याच्या उलटही होतं. मस्टरवर नाव आहे पण त्या नावाचं शेड्यूलच कुठे नाही, तर मेन ते ‘चालवून बघतं’, सापडलं नाही की पुढच्या नावाकडे वळतं. तक्रार तेव्हाही नाही. एखादं शेड्यूल रिकामं किंवा गैरहजर असू शकतं हे धरूनच ते लिहिलंय, त्यामुळे इंजिनाच्या बाजूने बोलायचं तर यात गैर काही नाही. पण मला ही गोष्ट आवडत नाही. सिस्टिमनी भरलेलं शेड्यूल कोणीच कधी चालवलं नाही, तर निदान एक वॉर्निंग तरी छापायला काय हरकत होती? बोंब मारली जाते ती एकाच ठिकाणी: यादीत नाव घालणाऱ्या ‘इन्सर्ट आफ्टर’ला जे शेजारचं नाव दिलंत तेच यादीत नसेल तर प्रोग्रॅम तिथल्या तिथे पॅनिक होतो, म्हणजे एरर छापून बंद पडतो. स्टेटट्रान्झिशनच्या शेजारी जागा मागितलीत आणि डिफॉल्टप्लगइन्स (बेव्हीची स्वतःची तयार प्लगइन) त्यानंतरच्या ओळीत घातलेत, की हे हमखास होतं. ती बोंब मात्र बरी, निदान ओळ नंबर तरी मिळतो.

असं काही गप्प बसलं की मी डोकं चालवण्याआधी मस्टर छापून बघते. एकदाच चालणाऱ्या स्टार्टअप सिस्टिममध्ये मेनशेड्यूलऑर्डरमधली लेबलं कन्सोलवर काढा. आपलं नाव दिसलं नाही, तर पुढचं सगळं डिबगिंग वाया.

हे तुम्ही स्वतः शोधलंत, शाबास. तुमच्याजागी आणखी कोणी असता तर जुन्या व्हिडिओत अडकला असता. बेव्ही २०२० च्या ऑगस्टमध्ये बाहेर आलं, तेव्हापासून त्याची ही बाजू दोनदा पाडून बांधली गेली. आधी ‘स्टेज’ होत्या आणि अपडेटनंतर नवी स्टेज जोडण्यासाठी ‘ॲड स्टेज आफ्टर’ होतं. मार्च २०२३ च्या ०.१० आवृत्तीत स्टेज गेल्या, आणि आज आपण वापरतो तो ‘अपडेटमध्ये या सिस्टिम’ असा आकार त्याच वर्षी जुलैच्या ०.११ मध्ये आला. शिकवणीत ‘स्टेज’ शब्द दिसला की तो टॅब बंद करायचा.

आता बोनस. तुमचा प्रोजेक्ट उघडला. प्रोग्रॅमच्या मेन फंक्शनमध्ये आधी बोनसप्लगइन घातलंय, त्याच्या खाली पंचप्लगइन. बोनसप्लगइन ‘निकाल’मध्ये आपली सिस्टिम टाकतं, म्हणजे शेड्यूल तिथेच तयार झालं. नंतर पंचप्लगइन येतं आणि ‘ॲड शेड्यूल’ला कोरं करकरीत ‘निकाल’ देतं. ‘ॲड शेड्यूल’ त्याच लेबलाचं आधीचं शेड्यूल पुसून नवं ठेवतं. डॉक्युमेंटेशनमध्ये इशारा आहे, पण तो कोण वाचतो? मी पण वाचला नव्हता. तर तुमची बोनस सिस्टिम चालत नाही असं नाहीच, ती जगातच नाही. दोन प्लगइनच्या ओळींची अदलाबदल केलीत तर आज चालेल आणि तिसरं प्लगइन आलं की पुन्हा मोडेल. त्यापेक्षा ‘इनिट शेड्यूल’ वापरा: शेड्यूल नसेल तर करतं, असेल तर हात लावत नाही. शेड्यूलची एखादी सेटिंग बदलायची असेल तर ‘एडिट शेड्यूल’ आहे.

(बोनसची सिस्टिम जिवंत झाली की तिच्यात आणखी एक गोष्ट बघा. मैदानावर सहा किंवा जास्त बचावपटू असतील तरच बोनस. तुमच्या कोडमध्ये ‘सहापेक्षा जास्त’ आहे. हे बेव्हीचं पाप नाही.)

राहिला बाण. तुम्ही ‘निकाल’ अगदी शेवटी, म्हणजे लास्टच्या आधी, पोस्टअपडेटच्या नंतर घातलंत. ‘शेवटी’ म्हटलं की सगळ्यांना तीच जागा सुचते. पण पोस्टअपडेटमध्ये इंजिन स्वतःची बरीच आवराआवर करतं. त्यातलं एक काम म्हणजे प्रत्येक वस्तूचा ‘ट्रान्सफॉर्म’ (आपण लिहितो ती जागा) घेऊन त्यावरून ‘ग्लोबलट्रान्सफॉर्म’ (गेमच्या जगातली अंतिम जागा) काढणं, आणि चित्र काढणारी बाजू वाचते ती हा दुसरा. तुमचा बाण हलतो तेव्हा ही मोजणी होऊन गेलेली असते. चढाईपटू या फ्रेमच्या जागी दिसतो, बाण मागच्या फ्रेमच्या जागी. साठ फ्रेमच्या पडद्यावर हा उशीर सुमारे १७ मिलिसेकंदांचा, चढाईपटू उभा असताना कळतही नाही. तो परत फिरून मध्यरेषेकडे झेपावला की बाण शेपटीसारखा मागे. ‘निकाल’ला अपडेटच्या लगेच नंतरची जागा द्या, ‘इन्सर्ट आफ्टर’ला अपडेट हे नाव देऊन. मग हालचाल, निर्णय, मोजणी, चित्र असा क्रम लागेल आणि बाण डोक्यावर बसेल.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला, वेगळं शेड्यूल हवं होतं का, मला मुद्दाम वेळ द्यायचाय, कारण बहुतेक वेळा ते नको असतं. पुष्कळ पोरं ‘ही सिस्टिम त्या सिस्टिमच्या नंतर’ एवढ्यासाठी नवं शेड्यूल काढतात. त्याला ‘बिफोर’, ‘आफ्टर’ आणि ‘चेन’ पुरतात. सिस्टिमचे गट हवे असतील तर सिस्टिमसेट आहेत. मात्र एक लक्षात ठेवा, ‘आफ्टर’ची हद्द एका शेड्यूलपुरती असते. निकालमधली सिस्टिम अपडेटमधल्या सिस्टिमच्या ‘आफ्टर’ आहे असं लिहिलंत तर त्याचा काही उपयोग होत नाही.

शेड्यूल म्हणजे भिंत. अपडेटमधल्या सिस्टिम बेव्ही जमेल तितक्या एकाच वेळी, वेगवेगळ्या थ्रेडवर (समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यांवर) चालवतं. पण अपडेटमधली शेवटची सिस्टिम संपल्याशिवाय निकालमधली पहिली सुरू होत नाही. शिवाय शेड्यूल संपताना कमांड्समध्ये साठवलेली कामं, म्हणजे नव्या एंटिटी (गेममधल्या वस्तू) जन्माला घालणं, जुन्या काढणं, सगळी उरकली जातात. भिंतीपलीकडे उभ्या असलेल्या पंचाला मैदान स्थिर आणि पूर्ण दिसतं. याची किंमत अशी की भिंतीशी सगळे थ्रेड एकमेकांसाठी थांबतात. अपडेटमधली एक सिस्टिम रेंगाळली तर बाकीचे कोअर हातावर हात ठेवून बसतात. म्हणून दहा भिंती घालू नयेत.

पण कबड्डीत ही एक भिंत हवीच. पकडलेल्या चढाईपटूचं बोट मध्यरेषेला लागलं की त्याला धरलेले सगळे बाद, नाही लागलं तर तो बाद. एकाच्या बोटावर चार-पाच जणांचा फैसला. पंचाने चढाईपटूची जागा या फ्रेमची आणि डाव्या कोपरारक्षकाची मागच्या फ्रेमची बघितली तर न्याय कसा व्हायचा? ‘हालचालीच्या सिस्टिमनंतर पंच’ असं ‘आफ्टर’ने लिहिता आलं असतं, पण उद्या तुम्ही बचावपटू साखळी करतात ती सिस्टिम लिहाल, परवा कोणाचं तरी तयार प्लगइन आणाल आणि त्यातल्या सिस्टिमची नावंही तुम्हाला ठाऊक नसतील. ‘ज्यांची नावं मला माहीत नाहीत त्यांच्याही नंतर’ हे सांगायला शेड्यूलच लागतं. माझी फूटपट्टी हीच.

भिंत नसली की काय होतं ते मी स्वतःच्या हाताने करून बसले आहे. पीएलसीच्या लॅडरमध्ये एकच आउटपुट दोन ओळींत लिहिलं तर खालची ओळ जिंकते, कारण आउटपुट शेवटी एकदाच बाहेर जातात. एका गळीत हंगामात ऐन भरात मी उसाच्या कॅरिअरसाठी खाली एक नवी ओळ घातली आणि वर, दोनशे ओळी आधी, तोच आउटपुट ‘चोकअप झाला तर बंद’ म्हणून लिहिलाय हे विसरले. रात्री दोनला ऊस तुंबला. वरची ओळ ‘थांब’ म्हणत होती, खालची ‘चल’, आणि कॅरिअर चालतच राहिला. शेवटी फिटरने हाताने स्विच पाडला. पहाटेपर्यंत पिळवटलेला ऊस उपसणाऱ्या लोकांसमोर उभं राहून मी काय बोलले ते आठवत नाही, त्यांच्यातल्या एकाने मला चहा आणून दिला तेवढं आठवतंय.

पीएलसी निदान रोज तीच चूक तशीच करतो. बेव्हीत दोन सिस्टिम एकाच कंपोनंटवर (वस्तूला जोडलेल्या माहितीच्या तुकड्यावर) लिहीत असतील आणि त्यांचा क्रम तुम्ही सांगितला नसेल, तर त्या एकाच वेळी चालणार नाहीत एवढंच ते बघतं. आधी कोण, हे ठरलेलं नाही. तुमच्या लॅपटॉपवर महिनाभर बरोबर चाललेला गेम परीक्षकांच्या संगणकावर वेगळा वागेल. हे पकडायला शेड्यूलच्या बिल्ड सेटिंगमध्ये ‘ॲम्बिग्विटी डिटेक्शन’ आहे, मुळात ते बंद असतं. ‘निकाल’साठी ते वॉर्निंगवर ठेवा. अपडेटसाठी ठेवलंत तर पहिल्या दिवशी यादी बघून घाबराल, पण त्यातल्या पुष्कळ जोड्या निरुपद्रवी असतात.

आणि निकालमध्ये तीन-चार चिमुकल्या सिस्टिम आहेत, तर त्या शेड्यूलला ‘सिंगलथ्रेडेड’ एक्झिक्युटर (सगळ्या सिस्टिम एकाच थ्रेडवर चालवणारा) द्या. इतक्याशा कामाची वाटणी थ्रेडांमध्ये करण्यातच जास्त वेळ जातो. पण एका थ्रेडवर चालतं म्हणजे लिहिलेल्या क्रमाने चालतं, असं समजू नका. आधी स्पर्श, मग पकड, मग बोनस हवं असेल तर तिघांना ‘चेन’मध्ये बांधाच.

प्रश्न: मी आणि माझी मैत्रीण नाशिकला मिळून गेम करतो. माझ्या संगणकावर पात्र ठीक पळतं, तिच्या १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर दुपटीहून जास्त वेगाने. कोणीतरी सांगितलं की सगळं ‘फिक्स्डअपडेट’मध्ये टाका. टाकलं, तर वेग सारखा झाला, पण उडीचं बटण कधी लागतच नाही. सर्किटसारखं लूज कनेक्शन वाटतं!

उत्तर: लूज कनेक्शन म्हणालात ते फार बरोबर आहे. अपडेट प्रत्येक फ्रेमला एकदा चालतं, त्यामुळे तिच्याकडे सेकंदाला १४४ वेळा आणि तुमच्याकडे ६० वेळा ‘पाच पिक्सेल पुढे’ झालं. फिक्स्डअपडेट फ्रेमच्या नाही, घड्याळाच्या तालावर चालतं. मूळ सेटिंग सेकंदाला ६४ टिक, म्हणजे दर १५.६२५ मिलिसेकंदांना एक. ६० सोडून ६४ का, याला एक सुंदर कारण आहे: एक भागिले चौसष्ट हा आकडा संगणकाच्या द्विमान पद्धतीत काहीही न सांडता बसतो, एक भागिले साठ बसत नाही.

यातून हे निघतं की एका फ्रेममध्ये फिक्स्डअपडेट एकदाच चालेल अशी खात्री नाही. मैत्रिणीकडे निम्म्याहून जास्त फ्रेममध्ये ते चालतच नाही. ३० फ्रेमच्या जुन्या लॅपटॉपवर ते एका फ्रेममध्ये साधारण दोनदा चालतं. आता ‘बटण आत्ताच दाबलं का’ ही नोंद एका फ्रेमपुरती जगते, पुढच्या प्रीअपडेटमध्ये ती पुसली जाते. ज्या फ्रेममध्ये बोट पडलं त्या फ्रेमला टिक नसली तर उडी हरवली, आणि दोन टिक असल्या तर एका बोटात दोन उड्या. तेव्हा बटण फिक्स्डअपडेटमध्ये वाचू नका. फिक्स्डचा लूप अपडेटच्या आधी चालतो, म्हणून त्याच्याही आधी बटण वाचून ‘उडी मागितली आहे’ एवढं एका रिसोर्समध्ये लिहून ठेवा. प्रीअपडेटमध्ये वाचलंत तर इंजिनाचं स्वतःचं इनपुटचं काम झाल्यानंतर वाचा. फिक्स्डअपडेटने ती मागणी घ्यायची आणि स्वतः पुसायची. टिक तीन फ्रेमनंतर आली तरी मागणी तिथेच पडून राहते.

तुम्हाला फिक्स्डमध्येही स्वतःचं शेड्यूल घालायचं असेल तर तिथे वेगळी यादी आहे, ‘फिक्स्डमेनशेड्यूलऑर्डर’. मेनच्या यादीत घालून ते फिक्स्डच्या तालावर चालणार नाही.

गेम क्षणभर गोठला, समजा विंडो धरून ओढली, तर साठलेल्या सगळ्या टिक एकदम चालवायला गेल्यास तो आणखी गोठेल. म्हणून बेव्ही एका फ्रेमचा वेळ जास्तीत जास्त २५० मिलिसेकंद धरतं. म्हणजे फार तर सोळा टिक, बाकीचा वेळ सोडून दिला. पीएलसीत स्कॅन लांबला की वॉचडॉग अख्खं यंत्र बंद पाडायचा. इथलं राज्य दयाळू आहे.

प्रश्न: शेड्यूलला तुम्ही ‘वेळापत्रक’ का लिहीत नाही? मराठी शब्द असताना इंग्रजी कशाला? (एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर: सर, मी लिहून पाहिलं आणि खोडलं. वेळापत्रकात वेळ असते: सहा पंचेचाळीसची रत्नागिरी गाडी सहा पंचेचाळीसला सुटायची असते, निदान फलकावर तरी. बेव्हीच्या शेड्यूलमध्ये वेळ कुठेच नाही, फक्त आधी कोण आणि नंतर कोण एवढंच. घरच्या आरतीसारखं. ‘सुखकर्ता’ किती वाजता म्हणायची हे कोणी ठरवत नाही, पण मंत्रपुष्पांजली तिच्या आधी कोणी सुरू केली तर सगळे वळून बघतात. ‘क्रमपत्रिका’ चालेल का? पण मग सांगलीचा मुलगा डॉक्युमेंटेशनमध्ये कोणता शब्द शोधणार, याचीही काळजी आहे.

प्रश्न: मी नवकंकरीचा गेम करते आहे, पुण्याहून लिहिते. माझ्या खेळात हालचाल फक्त डाव टाकल्यावर होते. तीन सोंगट्या जुळल्या का, कोणाची उचलायची, कोण अडकलं, हे सगळं दर फ्रेमला तपासणं वेडेपणाचं वाटतं. त्यासाठी ‘डाव’ नावाचं शेड्यूल मुख्य लूपमध्ये घालून त्याला अट लावू का?

उत्तर: अट लावून चालेल, पण तुमच्या खेळात मी ते लूपमध्ये घालणारच नाही. शेड्यूलचं नाव मस्टरवर असलंच पाहिजे असं नाही. ते हाक मारूनही चालवता येतं. अपडेटमध्ये एक सिस्टिम अशी लिहा जी अख्खं ‘वर्ल्ड’, म्हणजे गेमची सगळी माहिती, बदलण्याच्या हक्काने हातात घेते. खेळाडूने सोंगटी ठेवली आहे का ते बघा आणि ठेवली असेल तरच ‘रन शेड्यूल’ला ‘डाव’चं लेबल द्या. आतल्या सिस्टिम क्रमाने चालतील, कमांड्स उरकतील, आणि पुढच्या ओळीवर तुमच्या हातात पट बदललेला असेल. कोणी डाव टाकला नाही तर काहीच चालणार नाही. वर्ल्ड हातात घेतलेली सिस्टिम चालू असताना बाकी कोणी चालू शकत नाही, पण चोवीस घरांच्या पटाला ते सहज परवडतं.

मला वाटतं तुम्ही लवकरच एका खड्ड्यात पडाल, तो आधीच दाखवते. तीन जुळल्यावर समोरच्याची सोंगटी उचलायची, म्हणजे एका डावातून दुसरी कृती निघते, आणि तुम्हाला वाटेल की ‘डाव’ चालू असतानाच आतून पुन्हा ‘डाव’ चालवावा. तसं होत नाही. शेड्यूल चालतं तेव्हा इंजिन ते कपाटातून बाहेर काढून हातात घेतं आणि संपल्यावर परत ठेवतं. आतून पुन्हा मागितलंत तर कपाट रिकामं, आणि ‘रन शेड्यूल’ पॅनिक होईल. ‘उचलणं बाकी आहे’ अशी स्थिती एका रिसोर्समध्ये ठेवा आणि खेळाडूच्या पुढच्या टिचकीला पुन्हा बाहेरून हाक मारा.

संगणकाला प्रतिस्पर्धी करणार असाल तर त्याचा विचार या शेड्यूलमधून करू नका. पुढचे हजारो डाव मनात खेळून बघताना प्रत्येक वेळी वर्ल्ड बदलून परत पूर्ववत करणं म्हणजे फोडणी देताना दरवेळी गॅस सिलिंडर बदलण्यासारखं आहे. चोवीस घरांची एक साधी ॲरे काढून घ्या, तिच्यावर काय ती डोकेफोड करा, आणि ठरलेला एकच डाव वर्ल्डमध्ये आणा.